न लावलेली कडी

नव्या वेबसाइटवर तिने बाबांचा फोन नंबर टाकला, पासवर्ड म्हणून आईचं माहेरचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. पुन्हा तीच लाल ओळ: पासवर्ड जुळत नाही.

संध्याकाळी जुनी वेबसाइट बंद होणार होती. दृष्टी गेलेल्यांसाठी बाबांनी एकहाती उभारलेलं ते बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय. प्रत्येक पुस्तक त्यांनीच वाचलेलं. नवी वेबसाइट तिने तयार केली होती, जुना डेटाबेस जोडला होता. सभासदांची नावं आली, फोन नंबर आले. पासवर्डचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा. झोपण्यापूर्वी दाराची कडी दोनदोनदा चाचपणारा माणूस पासवर्ड कुठेतरी जपून ठेवल्याशिवाय राहणार नाही, या भरवशावर तिने त्यांचा संगणक पालथा घातला होता. बाबा गेल्यापासून ती एवढंच करत होती.

संस्थेच्या चिटणीसांचा फोन आला.

“सगळ्यांना ऑफिसात बोलाव, नवे पासवर्ड दे, संपलं.”

“काका, निम्मे जण अंथरुणाला खिळलेत. कसे येतील?”

“नाही आले तर नाही. एका माणसाच्या आवाजावर किती दिवस रेटायचं?”

तिने फोन ठेवला. लगेच पुन्हा वाजला. सर्वांत जुने सभासद, गाण्याचे मास्तर.

“पोरी, नवीन दार उघडेना गं.”

“मास्तर, तुमचा पासवर्ड सांगता?” तिने विचारलं. “मला कुणाचाच सापडत नाहीये.”

“आजचा सांगू की कालचा?”

“रोज बदलता?”

“बदलतो कसला! सुचेल ते टाकतो. काल ‘गुडघा दुखतोय’ टाकलं. तुझा बाप म्हणाला होता, मास्तर, जागा मोकळी सोडू नका, बाकी काहीही चालेल. म्हाताऱ्यांची पाठांतराची परीक्षा घेत बसलो तर ऐकणार कधी?”

ती कोऱ्या रकान्याकडे बघत राहिली. मग तिने नव्या वेबसाइटच्या कोडमधल्या पासवर्ड जुळवून पाहणाऱ्या ओळी एकेक करून खोडल्या. नंबर यादीतला असावा आणि पुढे काहीतरी लिहिलेलं असावं, एवढंच ठेवलं.

“आता टाका.”

“काय टाकू?”

“काहीही, मास्तर.”

पलीकडे कीबोर्डची बटणं वाजली. मग मास्तरांच्या खोलीत बाबा खाकरले, पान उलटलं आणि वाचू लागले.

“उघडलं बघ! ठेवू फोन?”

“नको,” ती म्हणाली. “राहू दे जरा.”