कडूबाईच्या पायाखाली

मी लाकडी फरशी बोलतेय, असं म्हणायला जीभ धजत नाही. पोटात दाबलेला भुसा, वर लाकडाच्या रेषा छापलेला कागद, आणि खोक्यावर नाव सागवानाचं! पण त्याची लाज मला फारशी वाटली नाही. माणसंसुद्धा लग्नात भाड्याचा कोट घालून मिरवतातच की. माझी लाज वेगळी आहे, आणि तोंड उघडलंच आहे तर सांगून टाकते.

मला गारखेड्यात राजेंद्रच्या घरी आणलं. त्याच्या मुलाचं, आकाशचं, लग्न जमत आलं होतं. मुलीकडचे घर पाहायला येणार होते. "त्यांना काय या शहाबादी फरशीवर बसवायचं?" असं राजेंद्र दहादा म्हणाला. मुबारकमिस्त्रीनं त्या शहाबादीच्या फटी बुजवल्या आणि तिच्या उरावरच मला अंथरलं. 

राजेंद्रची आई कडूबाई. काचबिंदूनं नजर गेलेली, तोरा मात्र शाबूत. शहाबादीच्या फटी तिच्या पायांना पाठ होत्या. रुंद फट लागली की स्वयंपाकघर, कोपरा उडालेली फरशी लागली की संडासाकडं वळायचं. काठी नको, कुणाचा हात नको. घरातले म्हणायचे, म्हातारीला सवय आहे. कसली सवय, ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संडासाला जायला खाटेवरून उतरली, चार पावलं चालली आणि थांबली. तिचा अंगठा माझ्यावर काहीतरी चाचपत होता. मी सगळीकडं सारखीच गुळगुळीत. त्या अंगठ्याला मी काय सांगणार?

"राजू, कुठं उभी हाय रे मी?"

राजेंद्र फोनवर बोलत होता. त्यानं वळून पाहेपर्यंत उशीर झाला. तिचं लुगडं भिजलं, मी भिजले.

"अगं आई, नवी फरशी! फुगेल ना!" तो फडकं घेऊन धावला, आणि खाली बसून आधी मला पुसलं. मला! आई तशीच उभी. तिची सून निशा आतून आली आणि सासूला हाताला धरून घेऊन गेली. पुसून मी चकचकीत झाले, आणि तेवढी घाणेरडी मी कधीच नव्हते.

"उठायचं असलं की हाक मारत जा," राजेंद्रनं सांगितलं. कडूबाई आणि हाक मारणार? तिनं पाणी पिणंच सोडलं. सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच. निशाच्या ते ध्यानात आलं.

"आत्याबाई, पाणी का पीत नाय?"

"पिऊन जाऊ कुठं? तुझ्या नवऱ्यानं माझी वाटच बुजिवली."

निशा उठून आत गेली. मग सुतळीचा गुंडा आणि डिंक घेऊन आली. खाटेपासून संडासाच्या दारापर्यंत ती सुतळी चिकटवत गेली, मागून म्हातारी पाय ठेवून बघत गेली.

"वळणावर गाठ मार. एवढीशी काय मारती? मी मुंगी हाय व्हय?"

पाहुणे यायच्या दिवशी राजेंद्रला ती सुतळी दिसली. "हे काय दळभद्री लावलंय! एवढा खर्च करून घर झकास केलं ते यासाठी?" तो उपटायला वाकला. कडूबाई उठली, सुतळीवरून सरळ चालत आली आणि त्याच्या हातापाशी पाय रोवला.

"काढ. पर आधी माझा पाय उचल."

त्यानं हात मागं घेतला. त्या दिवशी भरल्या पाहुण्यांत ती एकटी उठली आणि एकटी परत आली. मुलीच्या आईनं तिच्या वाटेतला आपला चहाचा कप बाजूला सरकवला.

सुतळीखाली आता माझ्या अंगावर पिवळा डाग पडलाय. पडू द्या. सुतळी झिजली की तिथंच नवी लावा. आणि घरात नवी फरशी घालणार असाल तर बाबांनो, आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तू चालतेस कशी?

फरशीला लाज वाटली तरी पालथं होता येत नाही. वर तोंड करून पडून राहायचं, आणि कडूबाईचं पाऊल यायची वाट बघायची.