जमा झालेलं ऊन

"नळी राहू दे गं नाकात! कोण बघतंय इथं?"

"सरकार बघनार हाय ना फोटो? मग सरकारला काय नळी दाखवू?"

असं म्हणून चंपाने ऑक्सिजनची नळी कानामागून सोडवली आणि नवऱ्याच्या हातात दिली. अंबादास खंडारे ती धरून गच्चीवर उभा राहिला. खालच्या खोलीतल्या मशीनपासून जिन्यातून वरपर्यंत पोचावी म्हणून त्याने कालच जादा नळी आणून जोडली होती, आणि बाईसाहेबांनी ती ऐन फोटोच्या वेळी काढून टाकली. आता काय बोलणार!

गोराईतलं त्यांचं घर म्हणजे सोडतीत मिळालेल्या एवढ्याशा प्लॉटवर, जमेल तसं वर्षानुवर्षं चढवलेलं घर. खाली एक खोली, वर एक. सोडतीत नाव चंपाचं निघालं होतं, म्हणून विजेचा मीटर तिच्या नावावर, म्हणून सोलरच्या सबसिडीचा अर्जही तिच्याच नावावर. प्लेटा बसवणाऱ्या केतनने आधीच सांगून ठेवलं होतं, "काका, ज्याचा अर्ज त्याचाच फोटो लागतो, प्लेटांच्या बाजूला. काकींना वर आणावंच लागेल." आता ही बाई दोन वर्षांत मोरीच्या पलीकडे गेलेली नाही. लग्नानंतर दहिसरच्या खाणीत तिने खडी वाहिली होती. ती धूळ छातीत बसली ती बसलीच. शेवटी शेजारचा काशीराम धावून आला. त्याने आणि अंबादासने तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून लोखंडी जिन्याने वर नेलं.

"वहिनी, घट्ट धरा हां. पडलात तर सबसिडी बुडंल," काशीराम म्हणाला, आणि चंपा इतकी हसली की तिला खोकला आवरेना.

केतनने फोटो काढले. तिने ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. एका हाताने खुर्चीची पाठ धरून, दुसरा हात प्लेटेवर ठेवून ती ताठ उभी राहिली. "तापलंय की वो!" म्हणून हात झटकला आणि पुन्हा तिथेच ठेवला. मग खाडीपलीकडे तिची नजर गेली. झाडांच्या वर पॅगोड्याचा सोनेरी कळस चमकत होता. तिने हात जोडले.

"बास झालं, खाली चल," अंबादास म्हणाला. तिचे ओठ काळसर पडायला लागले होते.

"थांबा ओ जरा. किती दिसांनी दिसतंय समदं."

तो थांबला. त्याला तिच्यापुढे कधी जोर करता आला नाही, हा त्याचा जन्माचा दोष.

अंबादास महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होता. रस्त्यातल्या झाकणाखाली लांबलचक चावी घालायची, ठरल्या वेळी वस्तीला पाणी सोडायचं, ठरल्या वेळी बंद करायचं. आयुष्यभर लोकांनी त्याची वाट पाहिली आणि आयुष्यभर त्याला शिव्या घातल्या. रिटायर झाल्यावर एका सोसायटीत पंप बघायला जाऊ लागला, सकाळी जाऊन दुपार कलल्यावर परत. चंपाचं दुखणं वाढलं, डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस लावायला सांगितलं, आणि विजेचं बिल पाहून चंपाचा जीव मशीनशिवायच घाबरा झाला.

मग सुरू झाली चोरी. अंबादास घरी यावा आणि मशीन गप्प पडलेलं असावं.

"बंद का केलंस?"

"आत्ताच केलं. कानाला दडे बसले त्याच्या घरघरीनं."

"खोटं बोलू नको, चंपा."

"मग काय तर! बिल बगितलं का तुमी? माझ्या श्वासाला मीटर लावून ठिवलाय मेल्यांनी."

तो रागावला, हातापाया पडला, सांताक्रूझच्या मुलीला, माधुरीला, फोन लावून दिला. दोन दिवस मशीन चालायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा गप्प. लहानपणी दुष्काळात कामावर राबलेली पोर ती. पेटती चूल रिकामी दिसली तरी तिचा जीव कासावीस व्हायचा. अशा बाईला कोण समजावणार, कपाळ!

म्हणून सोलर. वस्तीतल्या कुणी बिल वाचवायला लावलं, कुणी शेजाऱ्याने लावलं म्हणून लावलं. अंबादासचं तसं नव्हतं. बिलावर नाव 'चंपा', आधारवर 'चंपाबाई', म्हणून अर्ज परत आला तेव्हा तो वीज कंपनीच्या खिडकीपुढे उभा राहिला, आणि आतल्या बाई म्हणाल्या, "काका, एवढी घाई काय? दोनचार महिने जास्तीचं बिल भराल." तेव्हा हा कधी नाही तो आवाज चढवून म्हणाला, "बिलाचं काय घेऊन बसलात, ताई? माझी बायको वाचवायचीय मला." रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बाईंनी गुपचूप कागद घेतले, आणि तिथून पुढे गाडी हलली. मंजुरी आली, प्लेटा चढल्या, फोटो गेला, जुना मीटर उतरून नवा बसला. सबसिडीही खात्यात आली. माणसाने हौसेने सांगावं असं सगळं सुरळीत झालं.

नवा मीटर बसला त्या संध्याकाळी अंबादास चंपाच्या पलंगाशी स्टूल ओढून बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे बायकोला समजावून सांगण्यासारखं काहीतरी होतं.

"हे बघ. दिवसा वर टाकी भरतेय असं समज. आपण लागेल तेवढं घ्यायचं. वर सांडेल ते कंपनीच्या टाकीत जातं. रात्री आपली टाकी रिकामी, तेव्हा तिथलं आपण परत घ्यायचं."

"आन् न्हाई घेतलं तर?"

"तर जमा राहतं. आपल्या नावावर."

"म्हंजे माझ्या नावावर?"

"तुझ्याच की! मालकीणबाई आहेस तू. वर्षाच्या शेवटी उरलं तर त्याचे थोडेफार पैसेपण देतात, केतन म्हणत होता."

"बरंय," चंपा म्हणाली.

ते 'बरंय' ऐकून अंबादास खूश झाला. त्या रात्री तो शांत झोपला. चंपा काय ऐकून बसली होती हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढचे महिने बरे गेले असं त्याला वाटत राहिलं. सकाळी निघताना मशीन घरघरत असायचं, दुपारी परतताना फाटकाशीच त्याची घरघर ऐकू यायची. पहिलं बिल आलं ते नावापुरतं. त्याने बुंदीचे लाडू आणून काशीरामच्या घरीही दिले. फक्त चंपाची तब्येत काही साथ देईना. पाय सुजायला लागले, बोलताना वाक्य तुटायला लागलं.

"मशीन पूर्ण वेळ चालू असतं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रात्रंदिवस, साहेब. आता तर सोलर आहे," अंबादास अभिमानाने म्हणाला. चंपा खाली मान घालून पदराशी चाळा करत होती.

"मग आजारच पुढे सरकलाय," डॉक्टर म्हणाले, आणि मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा वाढवून दिला.

चैत्रातल्या एका दिवशी सोसायटीची टाकी साफ करायला काढली. पंप बंद, काम नाही, म्हणून अंबादासला सकाळीच सुट्टी मिळाली. येताना त्याने मार्केटातून तिच्यासाठी शहाळं घेतलं. भर बाराचं ऊन. फाटकाशी आला तेव्हा काशीरामची बायको कपडे वाळत घालत होती, तिच्याशी दोन शब्द बोलला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की घरातून आवाज येत नाहीये.

चंपा पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून, पुढे वाकून बसली होती. खांदे वरखाली होत होते. नळी उशीवर नीट गुंडाळून ठेवलेली. मशीन बंद.

त्याच्या हातातलं शहाळं खाली पडून पलंगाखाली गेलं. त्याने धावत जाऊन बटण दाबलं, नळी तिच्या नाकात घातली, पाठ चोळत बसला. तिचा श्वास जरा खाली बसायला बराच वेळ गेला. मग त्याचा बांध फुटला.

"का गं? का? आता कसलं बिल येतंय तुला? फुकट आहे ना सगळं! अगं, डोक्यावर सूर्य तळपतोय नुसता!"

"दुपारचंच… बंद ठिवते. तुमी यायच्या आत… लावते," ती एकेक शब्द उचलत म्हणाली. "दुपारीच लई ऊन असतंय. तवाच समदं… जमा व्हतंय."

"कशाला जमा? कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. मी काय… ऱ्हाते होय आता? तुमाला म्हातारपणी बिल नगं. पंपावर जायाला नगं."

"चंपा, मी तुझ्यासाठी लावलं गं ते! तुला श्वास घेता यावा म्हणून!"

तिने त्याच्याकडे नवलाने पाहिलं, जणू तोच काही वेड्यासारखं बोलत होता.

"तुमीच म्हनला ना," ती म्हणाली, "न्हाई घेतलं तर जमा ऱ्हातं."

स्वतःच्या जिभेचा अंबादासला असा संताप आला की ती उपटून फेकावी. स्टूल ओढून, टाकीचा दाखला देऊन, किती हौसेने सांगितलं होतं त्याने! तो जमिनीवर बसला, तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि रडला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर गेला नाही. मशीनपाशी राखणीला बसला. पण उशीर झाला होता, वैशाखात ती गेली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आज ना उद्या हे व्हायचंच होतं. माधुरीनेही तेच सांगितलं, काशीरामनेही. अंबादासने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंच मानलं नाही.

भंतेजी येऊन गेले, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. मग एक दिवस दुपारी केतन आला. दारात चपला काढून थोडा वेळ उगाच उभा राहिला.

"काका, सॉरी हां, अशा वेळी बोलतोय. पण मीटर तुमच्या नावावर करून घ्या ना. काकींच्या नावावर बरेच युनिट पडलेत. तुम्हाला वर्षभर तरी बिलाचं टेन्शन नाही."

"वापरतोय मी," अंबादास म्हणाला.

केतनला घरघर ऐकू आली. आधी त्याला वाटलं फ्रिज असेल. मग आतल्या पलंगाकडे त्याचं लक्ष गेलं. चादर स्वच्छ धुतलेली, ताणून घातलेली. पायथ्याशी मशीन चालू होतं, आकडा डॉक्टरांनी वाढवून दिलेलाच.

"काका… ते मशीन…"

"माधुरी म्हणते कुणा गरजवंताला देऊन टाका. देणार आहे. थोडे दिवस जाऊ देत." अंबादास उठला, माठातलं पाणी काढून त्याने केतनपुढे धरलं. "बस. ऊन आहे तोवर चालू दे."

केतन बसला. पाणी पिऊन झालं तरी त्याला उठवेना. नळीचं तोंड उशीवर ठेवलेलं होतं, आणि अभ्र्याचा एक सुटलेला धागा त्या हवेने सारखा हलत होता.