टबात बसून तरी बघा

हेडमास्तरांनी दुकानात मांडलेल्या शॉवरची भिंतीवर दुमडलेली बैठक खाली ओढली, तिच्यावर टेकले आणि शेजारच्या दांड्याला धरून उठून उभे राहिले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. डावी बाजू लुळी पडल्यापासून कुणाचा हात न धरता ते पहिल्यांदाच उठत होते.

"हाच शॉवर," ते म्हणाले. "उंबरा नाही, काही नाही. माझी अंघोळ मी करीन."

आजारपणानंतर बायकोच त्यांना अंघोळ घालत होती. घालत होती म्हणजे करपलेलं पातेलं घासावं तशी घासत होती. मध्येच फोन आला, तर ओलेत्या नवऱ्याला स्टुलावर सोडून खुशाल गप्पा मारायची. कुडकुडत बसलेल्या मास्तरांना तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून तर जुनं बाथरूम पाडायचं ठरलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला होता.

"काकू, तुमची पसंती?" विक्रेत्याने विचारलं.

"मला टब आवडलाय."

"तेवढ्या जागेत दोन्ही नाही बसणार."

"मग एकच घेऊ. अहो, टबात बसून तरी बघा. आधीच नाक कशाला मुरडता?"

परक्या माणसासमोर माघार घेणं मास्तरांच्या रक्तातच नव्हतं. शाळेत काय नि घरात काय, जन्मभर त्यांचाच शब्द चालला. माहेरी जायचं असो की नवी चप्पल घ्यायची असो, बायकोने चारचौघांत विचारायचं आणि यांनी पेपरातून डोकं न काढता "बघू" म्हणायचं. माणूस मुलखाचा खडूस, आणि वर त्याचा तोरा. विक्रेत्याच्या खांद्यावर भार टाकून ते कोरड्या टबात उतरले. पाठ छान टेकली.

मग उठायला गेले. गुळगुळीत काठावर हात ठरेना. उजवा पाय घसरला, डाव्याचा तर प्रश्नच नव्हता. विक्रेता मदतीला वाकला.

"राहू द्या हो," बायको म्हणाली. "बसू दे त्यांना निवांत. तुम्ही मला टाइल दाखवा."

दोघं पलीकडे गेली. एक तरुण जोडपं टबापाशी आलं, आतला म्हातारा पाहून हसू दाबत पुढे सरकलं. मास्तरांचे कान तापले. त्यांनी आणखी दोनदा जोर लावून पाहिला आणि मग ते खरंच घाबरले.

"अगं, हात दे ना जरा!"

ती सावकाश आली.

"देते की. आधी सांगा, काय घ्यायचं?"

"शॉवर. मघाशी सांगितलं ना?"

"बरं," म्हणून ती वळली.

"थांब!"

ती थांबली. विक्रेता उगाच एक नळ पुसत राहिला.

"टब," मास्तर पुटपुटले.

"मोठ्याने सांगा. नाहीतर उद्या म्हणाल, बायकोने गळ्यात मारला."

"टब घ्यायचाय!"

"बघा, यांचीच हौस," ती विक्रेत्याला म्हणाली. टबालाही धरायला दांडा बसवता येतो, असं त्याने चाचरत सुचवलं.

"कशाला उगाच भिंतीला भोकं? मी आहे ना."

मास्तरांनी उजवा हात वर केला. तिने तो पाहिला, आणि टाइलचे दोन तुकडे त्यांच्यासमोर धरले.

"आता रंग सांगा."