मागचा दिवा

“आधी भावाला तरी भेटा, वन्सं! माणूस आत पडलाय आणि तुम्ही गाडीची विचारपूस करताय,” भावजय दारातूनच म्हणाली.

“त्याचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येतोय. म्हणजे बरा आहे,” थोरली बहीण म्हणाली खरी, पण मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी टेकलेला गुडघा तिने उचलला आणि ती निमूटपणे आत गेली.

धाकटा भाऊ उशीला टेकून बसला होता. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि कपाळावर मोठी पट्टी होती. वाचा मात्र अक्षत राहिली होती.

“ताई, तो मोटारवाला काय म्हणतो माहितीये? म्हणे, मी वळलो तेव्हा इंडिकेटर लागलाच नव्हता, म्हणून त्याने मागून ठोकलं. खोटारडा! मी स्वतः पाहिला. हँडलजवळचा दिवा कसा छान लुकलुकत होता. आणि इंडिकेटरची डबी तुझ्या हातची, ती दगा देईल होय?”

“मागचा पाहिलास?”

“मागचा कसा पाहणार? मला काय पाठीला डोळे आहेत?”

“पुढचे दोन तरी कुठे वापरता!” भावजय म्हणाली, आणि कालपासून प्रथमच त्या घरात कोणी हसले.

बहीणही हसली. लहानपणी कुठे आपटला की हा भाऊ रडण्याआधी तिच्या तोंडाकडे पाही. ती हसली तर अंग झटकून उठे. आताही तो तसाच पाहत होता. तिने चेहरा स्थिर ठेवला आणि गाडी बघून येते म्हणत ती पिशवीसह अंगणात आली.

तिने आयुष्यातली उमेदीची वर्षे रेडिओच्या कारखान्यात तारा जोडण्यात घालवली होती. कारखाना बंद झाला, तेव्हा जेवणाच्या टेबलाच्या एका अंगाला तिने आपली सोल्डरिंगची सामग्री मांडली, आणि जुन्या मोटारसायकलींचे रुसलेले इंडिकेटर तिच्याकडे येऊ लागले. दिवे लुकलुकवणारे त्यांचे मूळचे रिले आता कुठेच मिळत नसत. मिळाले तरी बॅटरी जरा थकली की तेही थकत. मागचा वा पुढचा एक दिवा गेला की त्यांचा ताल बिघडे. तिने दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुट्या भागांतून एक सर्किट रचले आणि ते काडेपेटीएवढ्या डबीत बसवले. कसलीही बॅटरी असो, कितीही दिवे असोत, त्याची लय ढळत नसे. “एक दिवा गेला तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही,” असे ती गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने सांगे.

काल संध्याकाळी अपघाताचा फोन आला आणि तेच वाक्य तिच्या छातीवर शिळेसारखे येऊन बसले. जुन्या रिलेचा बिघडलेला ताल हा दोष नव्हताच; मागचा सोबती गेल्याची ती वर्दी होती. ती वर्दी तिने आपल्या हाताने मिटवली होती. मागचा दिवा कधीचा विझलेला असेल, आणि पुढचा त्याच शांत लयीत भावाला सांगत राहिला असेल की सारे कुशल आहे. असे असेल तर भाऊ खरे बोलत होता आणि मोटारवालाही खरेच बोलत होता. खोटी ठरत होती ती तिची डबी.

मागच्या दिव्याची नारिंगी काच चुरा झाली होती. आतल्या बल्बचाही काचगोळा फुटला होता, त्यामुळे तो लावून पाहण्याची सोयच नव्हती. तिने चिमट्याने बल्बचे बूड हळूहळू सोडवले, तळहातावर घेतले आणि क्षणभर डोळे मिटले. देवापुढे हात जोडताना मिटावेत, तसे.

आधीच जळून गेलेल्या बल्बची तार तुटते, तिथे तिच्या टोकांना वितळलेले मणी धरतात. पेटता बल्ब फुटला, तर हवेचा स्पर्श होताच ती तार जळते आणि आपल्या बुडाशी पिवळसर पांढरी भुकटी सोडून जाते. कारखान्यात चाचणीच्या बाकावर तिने हे कितीदा पाहिले होते.

तिने भिंग डोळ्याशी धरले. तारेची दोन्ही टोके पिवळसर भुकटीने माखली होती.

ती तशीच पायरीवर टेकली.

“अगंबाई! चक्कर आली का?” भावजय पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

“नाही गं. लागला होता. मागचा दिवा लागला होता.”

“ते तर हे कालपासून ओरडताहेत!”

“त्याला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं.”

ती पाणी प्यायली आणि अंगणातूनच खिडकीशी उभी राहून तिने भावाला सारे सरळ सांगितले.

“म्हणजे रात्रभर तू हे घेऊन बसली होतीस?”

“हो.”

“मला विचारायचंस तरी!”

“तू म्हणाला असतास, ताईची डबी दगा देणार नाही. त्याचा काय उपयोग होता?”

“ते मात्र खरं,” तो म्हणाला. मग ती गाडीवरच्या डबीचे स्क्रू सैल करू लागलेली खिडकीतून पाहून तो ओरडलाच, “अगं, आता कशाला काढतेस? निर्दोष सुटली ना ती?”

“या वेळेपुरती सुटली,” असे म्हणून तिने डबी पिशवीत टाकली.

नवे सर्किट जुळायला आठवडा गेला. मग तिने एकेका गिऱ्हाइकाला फोन करून गाडी घेऊन बोलावले. पहिला आला तो सुतार, वडिलांच्या काळातल्या काळ्या मोटारसायकलवरून.

“बाई, उत्तम चाललंय की! काही तक्रार नाही माझी.”

“तुमची नाही. माझी आहे.”

तिने डबी बदलली, इंडिकेटर लावला आणि मागचा बल्ब मुद्दाम काढून घेतला. त्याबरोबर पुढचा दिवा घाबऱ्याघाबऱ्या, धाप लागल्यासारखा लुकलुकू लागला.

“अहो, हे काय! बिघडवलंत की. पूर्वी असंच व्हायचं, म्हणून तर तुमच्याकडे आलो होतो!”

“असं झालं की थांबायचं, उतरायचं आणि मागे जाऊन बघायचं,” ती म्हणाली. “पूर्वीची डबी हे सांगत नव्हती. ती चूक माझी.”

सुताराने डोके खाजवले, दिव्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. मग स्वतः मागे जाऊन त्याने बल्ब जागेवर बसवला. पुढचा दिवा शांत झाला.

मोटारसायकल निघाली. ती फाटकाशी उभी राहिली. कोपऱ्यावर पोचल्यावर उजवा मागचा दिवा लागला, विझला, लागला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ती तो ओठांतल्या ओठांत मोजत राहिली.