सरांनी न वाचलेली पटकथा

दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी आपली वहिनी पटकथा लिहायला शिकतेय, हे कळल्यावर नणंद म्हणाली होती, "आता पेशंटना डायलॉग मारणार वाटतं!" ते वहिनीने हसण्यावारी नेलं. सरांचं वागणं मात्र तसं नेता येईना.

सर जुने पटकथाकार. दोन वर्षं दर रविवारी ती त्यांच्याकडे जायची आणि सर तिच्या सरावाच्या प्रसंगांची यथेच्छ चिरफाड करायचे. 'तिला वाईट वाटतं' असं लिहिलं की काट मारलीच.

"हे कॅमेऱ्याला कसं कळणार? फोन करून सांगशील?"

मग ती प्रसंगातल्या त्या बाईला एकाच कपात दोनदा साखर घालायला लावायची. तेव्हा कुठे सर मान डोलवायचे.

पण तिच्या स्वतःच्या पटकथेला त्यांनी हात म्हणून लावला नाही. कारण विचारलं की चष्मा पुसत बसायचे. आपलं लिखाण त्यांच्या लेखी कचराच, असं धरून ती घरी येऊन रडायची.

शेवटी सरांनीच एका निर्मातीची वेळ मिळवून दिली, आणि सोबत आले. पटकथा वाचून ऐकवायची होती. पाचव्या पानावर निर्मातीने मोबाइल बाजूला ठेवला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

"घेतली," निर्माती म्हणाली. "पण लेखक म्हणून सरांचं नाव लावू. तुमचं खाली, 'साहाय्य' म्हणून. शिकवलंय त्यांनी, म्हणजे निम्मी त्यांनीच लिहिली असणार."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. शिकवलं तर खरंच त्यांनीच होतं; भांडणार कुठल्या तोंडाने?

"ही पटकथा मी आज पहिल्यांदा ऐकली," सर म्हणाले.

"काहीतरीच काय!" निर्माती म्हणाली.

"माझ्या पहिल्या पटकथेत माझ्या गुरूंनी चार ओळी सुधारल्या होत्या. पडद्यावर नाव त्यांचं लागलं. चार ओळी होत्याच त्यांच्या, मी काय बोलणार? हिच्या पटकथेत माझी एकही नाही. विचारा तिला."

तिने होकारार्थी मान हलवली. निर्मातीने करारात लेखक म्हणून तिचंच नाव घातलं.

जिना उतरताना ती म्हणाली, "सर, मला आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं, तर तू गोड बोलून वाचायला लावलीच असतीस. एकदा पटकथेची फाइल माझ्याकडे विसरलीस, आठवतं? मी ती शेजाऱ्यांकडे नेऊन दिली. घरात राहिली असती, तर वाचल्यावाचून मला झोप लागली नसती."