जांभूळच्या चढावरचा ब्रेक

एकोणनव्वद साली मी अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा अधिकारी होतो, आणि थोडा निवांत वेळ मिळाला तर जगातली कुठलीही वस्तू आपण सुधारू शकतो, अशी माझी पक्की समजूत होती. या समजुतीपायी आमच्या घरातला मिक्सर आणि सासऱ्यांचं गजराचं घड्याळ कायमचं शांत झालं होतं. तरीही त्या वर्षी मी चाकांवरचं घर बांधायला घेतलं.

कारखान्याच्या लायब्ररीत येणाऱ्या एका परदेशी मासिकात मी तसा फोटो पाहिला होता. गाडीच्या मागे जोडलेली छोटीशी खोली, आत पलंग, ओटा, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. विंचू जर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतो, तर बदलापूरच्या गुरुदत्तने का हिंडू नये, असं मला वाटलं. जुनी जीप दारात होतीच. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये हशमतराय नावाचे एक सिंधी गृहस्थ टेम्पोच्या बॉड्या बांधून द्यायचे. त्यांनी माझं ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं, "आइस्क्रीम बेचोगे क्या, साहब?" एवढंच विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर कामाला लागले. दिवाळीनंतर ट्रेलर बेलवलीत आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभा राहिला. शेजारीपाजारी त्याला 'गुरुदत्तचा डबा' म्हणायला लागले. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

माझी बायको मालिनी शाळेत गणित शिकवायची. तिने डब्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, की चालत्या जीपपासून हा सुटला तर काय?

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर मी हँडब्रेक बसवला होता. त्याच्या दांडीपासून जीपपर्यंत एक पोलादी वायर बांधली होती. जोडणीची पिन निघाली आणि ट्रेलर मागे राहिला, की वायर ताणली जाणार, ब्रेक खेचला जाणार आणि ट्रेलर जागच्या जागी थांबणार. वायरच्या टोकाची कडी मुद्दाम कच्ची ठेवली होती. ब्रेक लागला की ती उघडून वायर जीपपासून सुटणार. ही सगळी कल्पना त्या मासिकातली. माझी स्वतःची भर एवढीच, की लागलेला ब्रेक सोडवण्यासाठी मी ट्रेलरच्या आत, खिडकीशेजारी, एक हँडल बसवलं होतं. पावसापाण्यात बाहेर उतरायला नको. ते कोणी मागितलं नव्हतं, पण कल्पक माणूस मागणीची वाट पाहत नाही.

मालिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग याची परीक्षा घेऊ. आपल्या मुलींना मी आत बसवण्याआधी तुम्ही बसा."

मी म्हटलं, आत वाळूची पोती ठेवू, वजन सारखंच पडेल.

"पोती आत काय वाटलं ते सांगत नाहीत," ती म्हणाली. "जीप मी चालवते."

तिने लायसन्स माझ्याआधी काढलं होतं, त्यामुळे त्या बाजूनेही मला पळवाट नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही जांभूळ गावाच्या बाजूला निघालो. शेजारचे चिंतामणी आमच्याबरोबर होते. ते बँकेत होते आणि रविवारी त्यांना घराबाहेर पडायला निमित्त लागायचं. जीपच्या मागच्या बाकावर बसून, खूण केल्यावर पिनला बांधलेली दोरी ओढायची, हे त्यांचं काम. जांभूळच्या पुढे एक कच्चा रस्ता चढत जातो. खाली भाताची खाचरं, कापणी झालेली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आधी सपाटीवर करून पाहिलं. जीप बैलगाडीच्या चालीने निघाली, चिंतामणींनी दोरी ओढली, खट् असा आवाज झाला आणि ट्रेलर थांबला. मी आत पलंगावर बसलो होतो. नुसता एक हिसका बसला. मी दार उघडून हात हलवला. चंद्रावरून परतलेला माणूस हलवील तसा हलवला असणार, कारण चिंतामणींनी तोंड फिरवलं.

मी आतलं हँडल खाली ओढून ब्रेक सोडवला, नवी कडी लावली. "आता चढावर," मालिनी म्हणाली.

चढावर मात्र आतलं वातावरण बदललं. पुढे खिडकी नसल्यामुळे मला जीप दिसत नव्हती. मागच्या खिडकीतून फक्त उतार दिसत होता, आणि तो खालून पाहिला होता त्यापेक्षा बराच लांब वाटत होता. ओट्यावरचा स्टीलचा पेला घरंगळत माझ्याकडे आला. कडीची जाडी आपण नक्की मोजली होती ना, असा विचार माझ्या मनात आला. मी आवाज देऊन जीप थांबवणारच होतो, तेवढ्यात चिंतामणींची हाक ऐकू आली आणि पिन निघाली.

ब्रेक लागला. हे मी शपथेवर सांगतो. ट्रेलर एक गचका खाऊन चढावर थांबला, अगदी ड्रॉइंगमध्ये होता तसा. पण त्या गचक्याने मी पलंगावरून घसरलो, आणि बुडता माणूस काडी धरतो तसं हाताला आलं ते घट्ट धरलं आणि सगळ्या वजनानिशी खाली ओढलं. ते माझंच हँडल होतं.

ट्रेलर क्षणभर विचारात पडल्यासारखा राहिला आणि मग उलटा खाली निघाला. मालिनीचं ओरडणं ऐकू आलं, पुढे ते लांब गेलं. मी डोळे मिटले. रस्ता वळला तिथे ट्रेलर वळला नाही. तो सरळ खाचरात उतरला आणि पेंढ्याच्या एका मोठ्या उडवीत जाऊन रुतला. बाहेर सगळीकडे पेंढा उडाला. मला खरचटलंसुद्धा नाही.

मालिनी आणि चिंतामणी धावत आले तेव्हा मी दारात उभा होतो. चिंतामणी हातातली दोरी दाखवत म्हणत होते, की वायर तुटली बहुतेक. मालिनीने माझ्या हाताकडे पाहिलं. हँडल निखळून माझ्या मुठीतच राहिलं होतं, आणि मला ते सोडायचं भान नव्हतं. तिला काही विचारावं लागलं नाही. ती पेंढ्यावर बसली. आधी रडेल असं वाटलं, मग ती हसायला लागली, आणि ते हसू काही केल्या थांबेना. मीही हँडल घेऊन तिच्या शेजारी बसलो.

तोवर पलीकडच्या वाडीतून माणसं आली. खाचर त्यांच्यातल्या धाकलूचं होतं. मी उडवीबद्दल माफी मागायला लागलो, पण त्याचं लक्ष ट्रेलरकडे होतं. पडदे लावलेली पांढरी गाडी थेट शेतात आलेली पाहून वाडीचा समज झाला होता, की हा फिरता दवाखाना आहे. धाकलूची आई आवडी सर्वांत पुढे. ती पायरी चढून पलंगावर बसली आणि तिने माझ्यासमोर जीभ बाहेर काढली. मी डॉक्टर नाही म्हटल्यावर तिने विचारलं, "मंग हितं कशापायी आला?"

मी तिला खाली उतरायला हात दिला, तो तिने घेतला नाही.

धाकलूने बैल आणले, सगळ्यांनी हात लावला आणि ट्रेलर रस्त्यावर आला. मी आणि चिंतामणींनी पेंढा पुन्हा रचायचा प्रयत्न केला. तो धाकलूने नंतर मोडून नीट रचला. मी घरी जायच्या तयारीला लागलो, तर मालिनी वायर तपासत होती. वायरला काही झालं नव्हतं. तिने मला नवी कडी लावायला सांगितली आणि म्हणाली, "परत करू. आता मी आत बसते. ब्रेक चांगला आहे हो. फक्त तुम्ही त्याच्या जवळ नको."

मी नको नको म्हणत होतो. पण ती आत जाऊन बसलीसुद्धा, आणि पलंगावरून उठायला तयार नसलेली आवडी तिच्या शेजारी राहिली.

जीप मी चालवली. मघाशी आत बसून जी भीती वाटली होती, ती या भीतीपुढे काहीच नव्हती. चढावर मी चिंतामणींना खूण करायला इतका वेळ लावला, की त्यांनी शेवटी आपणच दोरी ओढली. मी आरशात पाहिलं. ट्रेलर थांबला होता. जीप उभी करून मी धावत मागे गेलो. तोवर धाकलूने ट्रेलरच्या चाकांमागे दगड लावले होते.

दार आतून उघडलं. मालिनी डोकीवरचा पदर सावरणाऱ्या आवडीचा हात धरून उभी होती. ठीक आहात ना, असं मी विचारायच्या आत आवडीने खाली वाकून मला विचारलं,

"झायला का? आजून येक फेरी मारा ना."