मॅलकी ड्वानची डावी बाजू

मॅलकी ड्वान मान तिरकी करून चेंडू का मारतो, यावर कॅरिगडुव गावात एकूण सतरा मतं होती आणि सतराच्या सतरा मतांवरून पबमध्ये निदान एकेकदा तरी मारामारी झालेली होती. कोणी म्हणे, ही आजोबांची ढब. कोणी म्हणे, पाळण्यात असताना गाढवानं लाथ घातली. डिनी क्वर्क, संघाचा प्रशिक्षक, मात्र कपाळावर बोट आपटून सांगे, "ही अक्कल आहे, अक्कल! समोरच्याला कळतच नाही हा कुठे बघतोय ते." मग काय, गावातली झाडून सगळी पोरं मान तिरकी करून हर्लिंग, म्हणजे बाकदार काठीनं चेंडू मारायचा आयर्लंडचा खेळ, खेळायला लागली. एका रविवारी प्रार्थना सांगताना पाद्रीबाबांनी समोर पाहिलं, तर पहिल्या दोन रांगा एका बाजूला कललेल्या. त्यांना वाटलं, चर्चचा पाया खचला. सोमवारी त्यांनी गवंड्याला बोलावणं धाडलं. खोटं वाटत असेल तर गवंड्याला विचारा. तो वारलाय, पण त्याची बायको सांगेल.

खरं कारण एवढंच होतं, की मॅलकीला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं.

बाविसाव्या वर्षी शेजारच्या गावाशी सामना होता. दहा पावलांवरून मारलेला चेंडू सरळ डोळ्यावर बसला. चेंडू कसला, चामड्यात शिवलेला दगडच तो. डोळा पावासारखा फुगला. पंधरा दिवसांनी सूज उतरली, पापणी उघडली, पण आत उजेड काही आला नाही. मॅलकीनं हे आईला सांगितलं नाही, पाद्रीबाबांना सांगितलं नाही, भावाला तर नाहीच. कारण भावाला सांगणं म्हणजे पोस्टाच्या भिंतीवर चिकटवणं. दिवसभर दूधसंघाचे कॅन उचलायचे आणि संध्याकाळी मैदानावर जायचं, एवढंच त्याचं आयुष्य होतं. त्यातलं मैदान काढलं, तर नुसते कॅन उरत होते.

जिल्ह्याच्या संघात निवड झाली तेव्हा डॉक्टरनं तपासलं. "एक डोळा झाक, वाच." मॅलकीनं उजव्या हातानं डावा डोळा झाकला आणि घडाघडा वाचलं. "आता दुसरा." मॅलकीनं डाव्या हातानं पुन्हा डावाच झाकला आणि घडाघडा वाचलं. डॉक्टरचं अर्धं लक्ष रेडिओवरच्या घोड्यांच्या शर्यतीत होतं. "गरुडाची नजर आहे लेका," तो म्हणाला आणि सही ठोकली.

अशी सात वर्षं गेली. मॅलकीच्या नावावर जिल्ह्याची दोन पदकं लागली. पण कॅरिगडुवला स्वतःच्या गावासाठी चषक हवा होता. तो एक्केचाळीस वर्षं आला नव्हता. त्या वर्षी गाव अंतिम सामन्यात पोचलं आणि म्हाताऱ्यांनी मरणं पुढे ढकलली. गावच्या नोंदवहीत त्या दोन महिन्यांत एकही मृत्यू नाही, हवं तर पाहून या.

मग सामन्याच्या आठवड्यात एक नोंद झाली.

मंगळवारी सरावाचा खेळ चालला होता, आपलेच पंधरा आपल्याच पंधरांशी. मॅलकीनं चेंडू उचलून हवेत टाकला आणि काठी मागे नेली. अशा वेळी मागून धावत यायचं, आपली काठी पुढे सारायची आणि समोरच्याची काठी फिरता फिरता अडकवायची, ही या खेळातली खरी कला. लॉर्कन टॉर्पी, वय वीस, त्या कलेत गावात पहिला. तो डावीकडून आला. सरावात एक अलिखित नियम होता: आपला माणूस अंगावर येताना दिसला, की काठी अर्ध्यात मारायची, जोर सोडून द्यायचा. सगळे तसंच करत. मॅलकीनं काठी पूर्ण फिरवली.

हेल्मेट तेव्हा फक्त मोटरसायकलवाले घालत. लॉर्कन गवतावर पडला आणि उठलाच नाही. बुधवारी सकाळी इस्पितळातून निरोप आला.

डिनी क्वर्कनं चौकीत सांगितलं, "पोरगं उशिरा घुसलं हो. कोणाचाच दोष नाही." सगळ्यांनी तेच सांगितलं.

लॉर्कनचा बाप जॅकी टॉर्पी गावातल्या काठ्या घडवायचा. ॲशच्या झाडाचा बुंधा मुळाशी जिथे वळतो, तिथलं लाकूड काढून काठी तासायची, की तिचा बाक मोडत नाही. मॅलकीची प्रत्येक काठी जॅकीच्या हातची. मंगळवारचीसुद्धा.

गुरुवारी दुपारी टॉर्पींच्या घरात शवपेटी उघडी होती, उशाशी लॉर्कनची आई हॅना बसली होती. माणसं चहा आणि सँडविचच्या बशा सांभाळत भिंतीला टेकून उभी होती. मॅलकीनं लॉर्कनच्या कपाळाला हात लावला, बाहेर पडला आणि मागच्या शेडमध्ये गेला. जॅकी तिथे भुशात बसला होता.

"जॅकी, मला तुम्हाला सांगायचंय. पोरगं उशिरा नाही आलं."

"मग?"

"मला दिसलंच नाही. माझा डावा डोळा गेलाय. सात वर्षं झाली."

जॅकीनं पॅन्टवरचा भुसा झटकला. "सहा वर्षं झाली मला ते ठाऊक होऊन."

"कसं?" मॅलकीनं विचारलं.

"तुझ्या काठ्या दुरुस्तीला माझ्याकडेच येतात ना रे? डावीकडून कोणी काठी घातली, की माणूस आपली काठी वळवून घेतो. वळवलेल्या काठीवर घासल्याची खूण पडते. तुझ्या काठ्यांना डावीकडून नुसत्या खोल खाचा. एकही घाव तू चुकवला नव्हतास. आंधळ्यालाही कळलं असतं." त्यानं भुशातून एक ढलपी उचलली. "मी पट्टी मारून परत देत राहिलो."

"का पण?"

"चषकासाठी. दुसरं काय? तूही त्याचसाठी गप्प होतास की."

घरातून जपमाळेची कुजबुज ऐकू येत होती.

"मी आत जाऊन सगळ्यांना सांगतो," मॅलकी म्हणाला. "आत्ता सांगतो."

"सांग. मग हॅना विचारणार, आणखी कोणाला माहीत होतं? तिच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही, तीस वर्षांत एकदाही जमलं नाही." जॅकीनं त्याचं मनगट धरलं, सुताराची पकड, हाड वाजलं. "तिला एकच पोर होतं मॅलकी. निदान नवरा तरी राहू दे."

शुक्रवारी संघानं लॉर्कनला खांदा दिला. रविवारी संघ दंडाला काळ्या फिती बांधून उतरला. मॅलकी खेळला. कसा खेळला, ते सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवशी मैदानात नसलेली चार हजार माणसं आजही डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात. शेवटच्या मिनिटाला त्यानं साठ पावलांवरून मारलेला चेंडू म्हणे अजून खाली आलेला नाही. कॅरिगडुव एका गुणानं जिंकलं.

ज्या घरात त्या वर्षी मरण झालं असेल, त्या घरी चषक पहिल्यांदा न्यायचा, अशी रीत. सोमवारी बॅण्ड, पोरं, कुत्री असा सगळा लोंढा टॉर्पींच्या दारात थांबला आणि चषक घेऊन मॅलकी एकटा आत गेला. हॅनानं चषक खिडकीत ठेवला, दुसऱ्याचं भांडं ठेवावं तसा. त्याला चहा दिला. जॅकी टेबलाशी पाव कापत होता.

"सगळे सांगतात, पोरगं उशिरा घुसलं," ती म्हणाली. "पण माझा लॉर्कन कधी उशिरा घुसायचा नाही रे. आठ वर्षांचा होता तेव्हापासून या अंगणात बघत आले मी." ती समोर बसली. "तू मला खरं सांग. तो येताना तुला दिसला होता का?"

जॅकीची सुरी थांबली.

मॅलकीनं कपाच्या कानात बोट घातलं, काढलं.

"दिसला होता, मिसेस टॉर्पी."

"दिसला होता."

"हो."

"आणि तू काठी आवरली नाहीस."

"नाही."

सुरी पुन्हा चालू झाली. पाव केव्हाच संपला होता; जॅकी फळी कापत होता.

हॅनानं मॅलकीच्या हातातला कप काढून घेतला. त्यात अर्धा चहा होता, तो मोरीत ओतला आणि कप विसळून फडताळात ठेवला, बाकीच्या कपांपासून लांब.

"बाहेर लोक ताटकळलेत तुझ्यासाठी," ती म्हणाली. "जा. आणि ते भांडं पण घेऊन जा."

त्यानं उंबरा ओलांडताच सहा जणांनी त्याला उचललं. "खाली ठेवा रे, खाली ठेवा," तो म्हणत होता, पण बॅण्डपुढे कोणाला ऐकू जातंय! पुढे तो अकरा वर्षं खेळला आणि आणखी पाच पदकं त्याच्या नावावर लागली. हॅना टॉर्पीनं त्या अकरा वर्षांत त्याच्याशी एक शब्द काढला नाही. ती गेली, तेव्हा संघानं तिलाही खांदा दिला. मॅलकीला मात्र रांगेतून बाहेर उभं राहायला सांगण्यात आलं. तिनं तसं लिहून ठेवलं होतं. सांगायला जॅकीच आला होता.